बोट आणि कान यांच्यामधला उशीर: संगीत करण्यासाठी कमी खर्चाचा पोर्टेबल स्पीकर कसा निवडावा

कीबोर्डची पट्टी दाबल्यापासून स्वर कानावर पडेपर्यंत किती वेळ जातो, हा प्रश्न नुसती गाणी ऐकणाऱ्याला कधी पडत नाही, कारण त्याचे गाणे आधीच रेकॉर्ड झालेले असते आणि ते पाव सेकंद उशिरा सुरू झाले तरी त्याचे काही बिघडत नाही. स्वतः वाजवणाऱ्याचे मात्र सगळेच त्यावर अवलंबून असते. बोट खाली गेले आणि स्वर मागाहून आला की हात नकळत थबकतो, पुढची मात्रा लांबते आणि थोड्या वेळाने आपल्याला लयच कळत नाही की काय, अशी शंका येऊ लागते. दोष बहुधा बोटांचा नसतो. पोर्टेबल स्पीकरच्या खोक्यावर वॉट, बॅटरीचे तास, पाण्यापासूनचे संरक्षण आणि रंगीत दिवे यांची माहिती ठळक छापलेली असते. विलंबाचा, म्हणजे लेटन्सीचा, आकडा मात्र बहुतेक ठिकाणी सापडत नाही. तो घेणाऱ्यालाच काढावा लागतो, आणि तो काढणे वाटते तितके अवघड नाही.

त्याआधी एका गोष्टीचा निकाल लावून घ्यावा. आपण संगीत कसे करतो? काही जण माउसने एकेक स्वर पडद्यावर मांडतात, मग ऐकतात, मग दुरुस्त करतात. त्यांच्या कामात वाजवणे आणि ऐकणे या दोन वेगळ्या क्रिया असतात, त्यामुळे अशांनी विलंबाची चिंता करू नये. त्यांना साधा ब्लूटूथ स्पीकरही चालेल आणि वाचलेला पैसा हेडफोनवर घालता येईल. पण जो पट्ट्या दाबतो, पॅडवर ठोके देतो, गिटारची तार छेडतो किंवा आधी वाजवलेल्या भागावर दुसरा भाग चढवत जातो, त्याच्यासाठी विलंब हाच पहिला निकष आहे. आवाजाचा दर्जा त्यानंतर येतो.

उशीर नेमका कुठे होतो

ध्वनी हवेतून, २० अंश सेल्सिअस तापमानाला, सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. म्हणजे स्पीकर आपल्यापासून एक मीटरवर असेल तर केवळ हवेमुळे जवळजवळ ३ मिलिसेकंदांचा उशीर होतो. गिटारवादक ॲम्प्लिफायरपासून तीन मीटरवर उभा राहून वाजवतो तेव्हा त्याला साधारण ९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येत असते आणि त्याची त्याबद्दल काही तक्रार नसते. ही मोजपट्टी लक्षात ठेवण्यासारखी आहे. एकूण विलंब १० मिलिसेकंदांच्या आसपास असेल तर बहुतेकांना वाद्य हाताखाली आहे असेच वाटते. २० च्या पुढे काहीतरी जड झाल्याची जाणीव होते. ३० ते ४० च्या पुढे जलद लयीत वाजवणे कष्टाचे होते. या सीमा सर्वांसाठी सारख्या नाहीत. ड्रमच्या ठोक्याला तीक्ष्ण सुरुवात असते म्हणून त्यातला उशीर लगेच टोचतो, तर हळूहळू उमलणाऱ्या व्हायोलिनसमूहाच्या आवाजात दुप्पट उशीरही खपून जातो. स्पीकर पारखताना म्हणूनच नेहमी ड्रमचा किंवा पियानोचा आवाज निवडावा.

हवेच्या आधी मात्र विद्युतसंकेताला बराच प्रवास करावा लागतो. पट्टी दाबल्याची सूचना मिडीच्या, म्हणजे कोणता स्वर वाजला हे कळवणाऱ्या पद्धतीच्या, जुन्या पाच पिनांच्या केबलमधून जायला एका स्वरामागे जेमतेम एक मिलिसेकंद लागतो, तेव्हा तिकडे दुर्लक्ष करता येईल. पुढे फोन किंवा संगणक आवाज तयार करतो, तो एकेक नमुना (आवाजाचे क्षणाक्षणाचे माप) करून न पाठवता नमुन्यांचा एक गठ्ठा जमवून पाठवतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने असतील तर २५६ नमुन्यांचा बफर ५.३ मिलिसेकंदांचा होतो, आणि १,०२४ नमुन्यांचा २१.३ मिलिसेकंदांचा. म्हणजे एक सेटिंग चुकीचे राहिले तर जगातला सर्वात चपळ स्पीकरही उपयोगाचा नाही. कित्येकदा दोष इथे असतो आणि शिव्या स्पीकरला बसतात.

यानंतर येतो दुवा, म्हणजे फोन किंवा संगणक आणि स्पीकर यांना जोडणारा मार्ग. तो ब्लूटूथचा असेल तर वर मोजलेले बाकी सगळे आकडे क्षुल्लक ठरतात. ब्लूटूथवरून संगीत पाठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत एसबीसी नावाचे संकोचन, म्हणजे आवाजाची माहिती लहान करून पाठवण्याची रीत, सर्व उपकरणांना बंधनकारक असते, आणि ते वापरताना होणारा उशीर साधारणपणे १५० ते २५० मिलिसेकंदांच्या घरात जातो. रेडिओलहरींना हा वेळ लागत नाही, त्या प्रकाशाच्या वेगानेच जातात. वेळ जातो तो आवाज संकुचित करून पुडक्यांत बांधण्यात, पोहोचले नाही ते पुडके पुन्हा पाठवण्यात, आणि मुख्यतः स्पीकरने मधेच खंड पडू नये म्हणून पुढच्या थोड्या आवाजाचा साठा करून ठेवण्यात. ऐकणाऱ्यासाठी हा साठा वरदान आहे, कारण माणूस मधे आडवा गेला तरी गाणे तुटत नाही. वाजवणाऱ्याला मात्र तोच साठा नडतो.

कमी विलंबाची संकोचनेही आहेत. ॲप्ट-एक्स नावाच्या संकोचनाच्या लो लेटन्सी प्रकारात विलंब ४० मिलिसेकंदांच्या आसपास येतो, परंतु त्यासाठी पाठवणारे आणि ऐकवणारे अशी दोन्ही उपकरणे तो प्रकार जाणणारी लागतात; एकाला जरी तो येत नसेल तरी जोडणी निमूटपणे जुन्या पद्धतीवर घसरते आणि तसे झाल्याचे कुणी सांगत नाही. आयफोनमध्ये एसबीसी आणि एएसी ही संकोचने असतात, ॲप्ट-एक्स नसते, म्हणून आयफोनवाल्याने खोक्यावरचे ते नाव पाहून जास्त पैसे मोजू नयेत. २०२० साली जाहीर झालेल्या एलई ऑडिओ या नव्या ब्लूटूथ पद्धतीत आणि तिच्यासोबतच्या एलसी३ संकोचनात विलंब बराच खाली आणता येतो. तिथेही दोन्ही टोकांना ती पद्धत असावी लागते आणि प्रत्यक्ष उशीर उपकरण बनवणाऱ्याने किती साठा ठेवला यावर ठरतो. ‘गेम मोड’ लिहिलेले स्पीकर खेळासाठी ठीक असतील, परंतु खेळात पुरणारा वेग सोळा मात्रांच्या जलद वादनाला पुरेलच असे नाही.

इथे एक फसगत नेहमी होते. दुकानात स्पीकरला फोन जोडून व्हिडिओ लावला जातो, बोलणाऱ्याचे ओठ आणि शब्द अगदी जुळतात, आणि स्पीकरमध्ये उशीर नाही असा निष्कर्ष काढला जातो. खरे तर व्हिडिओ दाखवणारे ॲप जोडणीतला उशीर ओळखून चित्रच तेवढे मागे ठेवते. आधी तयार असलेल्या चित्राला मागे ठेवता येते. वाजवणाऱ्याच्या बोटाला कोण मागे ठेवणार? म्हणून व्हिडिओच्या कसोटीला या खरेदीत काडीचीही किंमत देऊ नये.

वायरचे छिद्र असले म्हणजे काम झाले, असे नाही

थेट वाजवायचे असेल तर आजच्या घडीला वायर हाच भरवशाचा मार्ग आहे, आणि स्पीकर ब्लूटूथचा असला तरी तो त्याच्या वायरच्या जोडणीसाठी घ्यायचा आहे, हे एकदा मनाशी ठरवले की दुकानातले निम्म्याहून अधिक पर्याय आपोआप गळून पडतात. वायरने आलेला आवाज आत घेणारे ३.५ मिलिमीटरचे ऑक्स छिद्र पूर्वी जवळजवळ प्रत्येक स्पीकरला असायचे. अलीकडे ते काढून टाकण्याकडे कल आहे. जेबीएलच्या फ्लिप मालिकेत चौथ्या आवृत्तीला ऑक्स होते, पाचवीत ते नाहीसे झाले. म्हणजे जुनी आवृत्ती या कामासाठी नव्यापेक्षा सरस ठरू शकते, आणि वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात ती कमी पैशांतही मिळते. यूएसबी-सीचे छिद्र पाहून मात्र हुरळून जाऊ नये. अनेक स्पीकरमध्ये ते केवळ चार्जिंगपुरते असते, काहींत त्यातून आवाजही जातो. फरक बाहेरून दिसत नाही, तो माहितीपुस्तिकेत पाहावा लागतो. माहितीपुस्तिका बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर मोफत असते, आणि खोक्यापेक्षा तिच्यावर विश्वास ठेवणे केव्हाही शहाणपणाचे.

यापुढची गोष्ट मी स्वतः फसून शिकलो. ऑक्स आहे एवढे पाहून एक छोटा स्पीकर घेतला, कीबोर्ड वायरने जोडला, आणि तरीही प्रत्येक ठोका किंचित मागे पडत राहिला. दोन दिवस मी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये चूक शोधत होतो. कारण स्पीकरच्या पोटात होते. आजच्या बऱ्याच छोट्या स्पीकरांत वायरने आलेला संकेत सरळ ॲम्प्लिफायरला जात नाही. आधी तो अंकीय रूपात बदलला जातो, मग आतली चिप त्यावर संस्कार करते, स्पीकरच्या लहान शंकूतून (आवाज काढणाऱ्या थरथरत्या पडद्यातून) मोठा आवाज निघावा म्हणून खालचे स्वर वाढवते, फाटू नये म्हणून वरचे टोक दाबते, आणि त्यानंतर तो पुन्हा विद्युतसंकेत होऊन बाहेर पडतो. हे काम नीट बांधलेल्या स्पीकरमध्ये दोन-चार मिलिसेकंदांत उरकते. काही स्पीकरांत मात्र ऑक्सचा आवाजही ब्लूटूथसाठी ठेवलेल्या त्याच साठ्यातून फिरवला जातो, आणि मग वायर असूनही ऐकताना जाणवेल एवढा उशीर होतो. दोन किंवा अधिक स्पीकर बिनतारी जोडून एकत्र वाजवण्याची सोय चालू असेल तर हा धोका आणखी वाढतो, कारण सगळ्यांनी एकाच क्षणी बोलावे म्हणून पहिल्या स्पीकरला दुसऱ्याची वाट पाहावी लागते. अशी सोय असेल तर वाजवताना ती बंद ठेवावी.

घरच्या घरी मोजमाप

स्पीकरचा स्वतःचा उशीर मोजायला फार सामान लागत नाही: एका छिद्राची दोन छिद्रे करणारी स्प्लिटर वायर, साधे वायरचे हेडफोन, आवाज रेकॉर्ड करू शकणारा दुसरा एक फोन आणि ऑडॅसिटीसारखा मोफत प्रोग्राम. ज्या फोनवर किंवा संगणकावर आपण संगीत करतो त्याच्या हेडफोनच्या छिद्रात स्प्लिटर घालावा. एका फाट्याला हेडफोन आणि दुसऱ्या फाट्याला ऑक्सच्या वायरीने स्पीकर जोडावा. हेडफोनचा एक कप स्पीकरच्या जाळीशेजारी तोंड वर करून ठेवावा आणि रेकॉर्ड करणारा फोन दोहोंपासून सारख्याच, साधारण वीतभर अंतरावर ठेवावा. आता मेट्रोनोमचा टकटक असा कोरडा आवाज लावून दहा-पंधरा ठोके रेकॉर्ड करावेत. वायरचे साधे हेडफोन संकेतावर कसलाही संस्कार करत नाहीत, त्यामुळे त्यांचा आवाज तत्काळ येतो आणि तोच आपला शून्यबिंदू. रेकॉर्डिंग ऑडॅसिटीत उघडून मोठे करून पाहिले की प्रत्येक ठोक्याला दोन शिखरे दिसतात, पहिले हेडफोनचे आणि दुसरे स्पीकरचे, आणि त्यांच्यामधला भाग निवडला की त्याची लांबी खाली आकड्यांत मिळते.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. एकच शिखर दिसले म्हणून लगेच आनंद मानू नये. हेडफोनचा आवाज फार मंद असल्यामुळे तो स्पीकरच्या आवाजात बुडालेला असू शकतो. स्पीकर क्षणभर बंद करून हेडफोनचे शिखर एकटे दिसते का, हे आधी पाहून घ्यावे. दुसरे असे की स्प्लिटर हा एका स्रोताचा आवाज दोन ठिकाणी नेण्यासाठी असतो. तो उलटा वापरून दोन उपकरणांचे आउटपुट एकमेकांना जोडू नयेत, कारण मग दोन्ही एकमेकांवर भार टाकतात. त्यासाठी छोटा मिक्सर हवा.

हा आकडा केवळ स्पीकरचा झाला. पूर्ण साखळीचा उशीर हवा असेल तर पॅडवर किंवा पट्टीवर नखाने असा ठोका द्यावा की त्याची खट्ट ऐकू येईल, आणि ती खट्ट व स्पीकरमधून निघालेला स्वर दोन्ही एकाच रेकॉर्डिंगमध्ये पकडावेत. समजा, पूर्ण उशीर ४८ मिलिसेकंद आला आणि आधीच्या चाचणीत स्पीकरचा वाटा ६ निघाला, तर उरलेले ४२ फोनच्या, बफरच्या आणि ॲपच्या पदरात पडतात, आणि स्पीकर बदलून काहीही साधणार नाही. उलट स्पीकरचाच वाटा ३० असेल तर सेटिंगशी झटत बसण्यात अर्थ नाही. ही वाटणी कळली की खर्च कुठे करायचा हे आपसूक ठरते, म्हणून नवे काही घेण्याआधी आपल्याकडच्या जुन्या स्पीकरवर हा प्रयोग एकदा अवश्य करून पाहावा. एखादेवेळी खरेदीच टळते.

दुकानात एवढा खटाटोप कुणी करू देणार नाही. तिथे स्वतःचा फोन, स्वतःची ऑक्स वायर, स्प्लिटर आणि वायरचे हेडफोन घेऊन जावे. हेडफोनचा एक कप एका कानावर ठेवून दुसरा कान स्पीकरजवळ न्यावा आणि मेट्रोनोम लावावा. टक असा एकच आवाज आला तर ठीक. ट-टक असा दुहेरी आला तर स्पीकर परत ठेवून द्यावा. मग फोनवरच्या ड्रमच्या ॲपवर आधी केवळ हेडफोन लावून अर्धा मिनिट वाजवावे आणि लगेच केवळ स्पीकरवर. हात दोन्ही वेळा सारखा चालला पाहिजे. ज्याचा कान तयार आहे त्याला या एका मिनिटात जे कळते ते कुठल्याही जाहिरातीतून कळणार नाही.

स्पीकरच घ्यायचा, असे कुठे ठरले आहे?

कमी खर्चात थेट वाजवायचे असेल तर ब्लूटूथ स्पीकरांच्या रांगेबाहेर पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वाद्यांसाठी बनवलेले छोटे, बॅटरीवर चालणारे ॲम्प्लिफायर मुळात वाजवणाऱ्याच्या हाताचा विचार करून तयार झालेले असतात; त्यांत अंकीय संस्कार असला तरी विलंब फार राहणार नाही याची काळजी घेतलेली असते, नाहीतर वादक ते परत आणून देतील. रोलँडचा मायक्रो क्यूब हा अशांपैकी जुना आणि माहितीतला नमुना. तो सहा एए सेलवर चालतो, आणि त्याला गिटारच्या छिद्राबरोबर फोन जोडण्यासाठी वेगळे छिद्रही आहे. असे ॲम्प्लिफायर वर्षानुवर्षे टिकतात, म्हणून ते वापरलेले घेण्यातही फारसा धोका नसतो.

त्यांची मर्यादा आवाजाच्या रंगात आहे. गिटारसाठी बनवलेला शंकू साधारण ५,००० हर्ट्झच्या पुढे झपाट्याने मंदावतो, कारण गिटारला त्याहून वरचे फारसे नको असते. त्याच शंकूतून झांजा, पियानोची चकाकी किंवा माणसाचा आवाज काढला की सगळ्यावर घोंगडे टाकल्यासारखे वाटते. ज्याला मुख्यतः कीबोर्ड वाजवायचा आहे किंवा गायचे आहे, त्याने अकूस्टिक गिटारसाठी किंवा कीबोर्डसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ॲम्प्लिफायरकडे वळावे. त्यात उंच स्वरांसाठी वेगळा ट्वीटर बहुधा असतो आणि माइकचे छिद्रही मिळण्याची शक्यता असते.

माइक आणि गिटारची छिद्रे असलेले मोठे ‘पार्टी’ स्पीकर हा मधला मार्ग. त्यांतल्या माइकच्या छिद्रातून गाणाऱ्याला आपला आवाज ताबडतोब ऐकू यावा लागतो, म्हणून त्या मार्गाचा उशीर सहसा कमी ठेवलेला असतो, मग त्याच स्पीकरचे ब्लूटूथ कितीही आळशी असो. त्यांचे वजन मात्र पोर्टेबल या शब्दाची थट्टा करणारे असते. यूएसबीवर चालणारे मेजावरचे छोटे स्पीकर हा आणखी एक पर्याय आहे, ज्यांना ३.५ मिलिमीटरच्या वायरने आवाज आणि यूएसबीने नुसती वीज मिळते, ते पॉवर बँकवर चालवता येतात, आणि साध्या बांधणीमुळे त्यांच्यात विलंब जवळजवळ नसतोच. एकाच खोलीत, एकट्यासाठी वाजवणाऱ्याला हा सर्वांत स्वस्त मार्ग पुरेसा आहे.

इलेक्ट्रिक गिटारवाल्यांसाठी एक सूचना: गिटार थेट ऑक्समध्ये जोडू नये. गिटारच्या पिकअपला, म्हणजे तारांची थरथर विद्युतसंकेतात बदलणाऱ्या भागाला, समोर सुमारे एक मेगाओम (दहा लाख ओम) विद्युतरोधाचा इनपुट हवा असतो, तर ऑक्सचा इनपुट काही हजार ओमचाच असतो. परिणामी आवाज क्षीण आणि बोथट येतो आणि दोष पुन्हा स्पीकरवर ढकलला जातो. मधे छोटा प्रीॲम्प (क्षीण संकेत आधी वाढवणारे यंत्र), इफेक्टचा पेडल किंवा ऑडिओ इंटरफेस (वाद्य संगणकाला जोडणारी पेटी) हवा. वायर अजिबातच नको असेल तर गिटारसाठी मिळणारे २.४ गिगाहर्ट्झचे स्वतंत्र बिनतारी संच पाहावेत. ते ब्लूटूथ नव्हेत. त्यांचा उशीर अवघ्या काही मिलिसेकंदांचा असतो.

आवाज पारखताना

चार-स्ट्रिंगच्या बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झवर बोलते, साध्या गिटारची ८२ हर्ट्झवर. हातात मावणारा स्पीकर ४१ हर्ट्झ खऱ्या अर्थाने कधीच ऐकवत नाही. तरीही आपल्याला तो स्वर ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण त्या स्वरातच मिसळलेले वरचे ८२, १२३ हर्ट्झचे स्वरांश हजर असतील तर मेंदू खालचा मूळ स्वर स्वतःच भरून काढतो, आणि अनेक स्पीकर मुद्दाम त्या वरच्या स्वरांशांना खतपाणी घालतात. वाजवण्याच्या आनंदासाठी यात काही वाईट नाही. मिक्सिंगसाठी, म्हणजे वेगवेगळ्या भागांचा तोल साधण्यासाठी, मात्र हा स्पीकर पंच म्हणून चालणार नाही, विशेषतः आतली चिप आवाज कमी असताना बास वाढवते आणि आवाज चढवला की तो हळूच काढून घेते, त्यामुळे एकच गाणे दोन पातळ्यांवर दोन वेगवेगळ्या तोलांचे ऐकू येते. मिक्सिंग हेडफोनवर करावे आणि स्पीकरवर फक्त पडताळून पाहावे.

बहुतेक छोटे स्पीकर मोनो, म्हणजे डावा-उजवा भेद न ठेवणारे, असतात, किंवा दोन शंकू इतके जवळ असतात की मोनोच म्हणावे. डाव्या-उजव्या बाजूंना रुंद पसरलेले काही कीबोर्डचे आवाज एकत्र मिसळले की एकमेकांना अंशतः खोडतात आणि पातळ होतात. कीबोर्डला डावा आणि उजवा असे दोन आउटपुट असतील तर डाव्यावर बहुधा ‘मोनो’ असेही लिहिलेले असते. तेवढाच एक जोडावा, म्हणजे कीबोर्ड स्वतःच नीट मोनो करून देतो.

वॉटच्या आकड्याने फार प्रभावित होऊ नये. शक्ती दुप्पट केली तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला ती सुमारे दहापट करावी लागते. शिवाय काही कंपन्या क्षणिक कमाल शक्ती छापतात आणि काही सतत टिकणारी, त्यामुळे दोन खोक्यांवरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यासारखे नसतात. आरएमएस असे लिहिलेला, म्हणजे सतत टिकणाऱ्या शक्तीचा, आकडा असेल तर तोच धरावा. बॅटरीचे तासही मध्यम आवाजावर मोजलेले असतात, आणि ड्रमसोबत वाजवणारा मध्यम आवाजावर थांबत नाही.

एका गोष्टीकडे मात्र कुणी लक्ष देत नाही आणि ती रोज छळते. बरेच स्पीकर वीज वाचवण्यासाठी थोडी शांतता पसरली की झोपी जातात, आणि पुढचा स्वर आला की जागे होताना त्याची सुरुवात गिळून टाकतात. काहींत तर मंद संकेत हा आवाज नसून खरखर आहे असे समजून गप्प केला जातो, त्यामुळे पियानोचा स्वर विरत जाण्याऐवजी मधेच कापला जातो. पारखताना एक स्वर दाबून तो पूर्ण विरेपर्यंत ऐकावा, मग काही मिनिटे काहीही न वाजवता थांबावे आणि एकच हलका स्वर वाजवावा. तो सुरुवातीपासून ऐकू आला पाहिजे. तसेच स्पीकर आणि लॅपटॉप दोन्ही चार्जिंगला लावून वायर जोडली असता गुणगुण किंवा चिरचिर येते का, तेही पाहावे. ती आली तर वाजवताना दोहोंपैकी एक बॅटरीवर चालवले की बहुधा थांबते.

स्पीकरच्या अलीकडची बाजू

विंडोजच्या संगणकावर संगीताच्या प्रोग्राममध्ये असिओ ड्रायव्हर (आवाजाचे यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर) निवडावा. स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली आणलेली ही पद्धत विंडोजच्या नेहमीच्या ध्वनिमार्गाला वळसा घालते. ऑडिओ इंटरफेस नसेल तर असिओ-फोर-ऑल हा मोफत ड्रायव्हर बऱ्याच संगणकांवर काम भागवतो. मॅक आणि आयपॅडवर कोअर ऑडिओ ही त्यांची स्वतःची ध्वनिव्यवस्था मुळातच चपळ आहे, तिथे केवळ बफर पाहावा. अँड्रॉइडमध्ये आठव्या आवृत्तीपासून एऑडिओ नावाचा कमी विलंबाचा मार्ग आला, परंतु ॲपने तो वापरलेला असावा लागतो, आणि फोनाफोनांत फरक पडतो. त्यामुळे एकाच फोनवर दोन ॲपची तुलना करून पाहणे फायद्याचे ठरते. बफर १२८ किंवा २५६ पासून सुरू करावा आणि आवाजात तडतड येऊ लागली तरच वाढवावा.

फोनला हेडफोनचे छिद्र नसेल तर यूएसबी-सीचे छोटे ॲडॉप्टर लागते. त्यांतली काही केवळ वायरची जोडणी असतात आणि ठरावीक फोनवरच चालतात. ज्यात स्वतःची रूपांतर करणारी चिप आहे असे, म्हणजे डॅक असलेले, ॲडॉप्टर घ्यावे. आणि वायर जोडण्यापूर्वी फोनचे ब्लूटूथ बंद करावे, कारण ओळखीचा स्पीकर चालू होताच फोन परस्पर ब्लूटूथने जोडला जातो आणि वायर लावलेली असूनही आवाज हवेतूनच येत राहतो.

स्पीकर घरी आला की परत करण्याची मुदत संपायच्या आत, आपल्याच फोनवर, आपल्याच वायरीने आणि रोजच्या बफरवर वर सांगितलेली स्प्लिटरची चाचणी पुन्हा करावी, कारण दुकानात ऐकलेला नमुना आणि खोक्यातून निघालेला नग यांच्या आतल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती वेगळी असू शकते. केवळ स्पीकरचा वाटा १० मिलिसेकंदांच्या आत असेल तर तो ठेवावा; १५ च्या वर गेला तर, दुसरे सगळे कितीही आवडले असले तरी, परत करून यावे.